पांढरी रोपे

होस्टा ही वनस्पती आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. तिचे मूळ जपान, कोरिया व चीनकडचे. नाव मात्र होस्ट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले. लोक ती फुलांपेक्षा रुंद, ठसठशीत शिरांच्या पानांसाठी लावतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात आम्ही दोन वर्षे सेवेस होतो, तेथे घरोघरी सावलीच्या भिंतीलगत ती दिसे. हिवाळ्यात तिची पाने झडतात आणि ती बर्फाखाली निजते.

आमच्या तेथील धर्मग्रामातील एक वृद्ध विधुर गृहस्थ भर जानेवारीत, बाहेर पारा शून्याखाली वीस अंशांवर असताना, तळघरात तिची रोपे करीत. उथळ तबकांत ओलसर माती, तीत काळे, पातळ पंखाचे बी. वर चार बोटांच्या अंतरावर ट्यूबलाइट, दिवसाचे सोळा तास चालू. दहा-बारा दिवसांत अंकुर दिसत.

केळीचा मुनवा लावला की आईचीच प्रत मिळते, हे वसईकरास सांगावयास नको. होस्टाचा गड्डा फोडून लावला तरी तेच. बियांचे तसे नसते. पानाची कड हिरवी व मध्य पांढरा असेल, तर बी त्या मधल्या, हरितद्रव्य नसलेल्या पेशींपासून घडते आणि रोपे शुभ्र उगवतात. बियांतली शिदोरी सरली की ती मरतात. मग दिवे कितीही लावा.

गृहस्थांच्या पत्नीची आवडती होस्टा नेमकी तशीच होती. शेवटच्या शरदात तिने वेचलेले बी त्यांनी एका तबकात पेरले. काय उगवणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. शेजारच्या तबकांतील सामान्य हिरवी रोपे ते बेधडक उपटून टाकीत (शेकड्यातून चारदोनच राखायची, असा या छंदाचा रिवाज). या तबकास मात्र त्यांनी हात लावला नाही. रोज पाणी शिंपडीत. अशा वेळी धर्मगुरूने काहीतरी बोलावे, असा लोकांचा आग्रह असतो. आम्हाला तो नेहमीच जाचक वाटत आला आहे. आम्ही दिव्याखाली त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

महिन्याभरात तबक रिकामे झाले. ते धुऊन त्यांनी पालथे घातले.

मे महिन्यात जमीन मोकळी झाल्यावर त्यांनी अंगणातील मूळ गड्डा फावड्याने फोडला. एक भाग लेकीकडे गेला, एक आमच्या निवासाच्या भिंतीलगत लागला. तो आम्ही वसईस आणला नाही. तिला थंडीतली दीर्घ झोप लागते, ती येथे कोठून मिळणार?