हद्द झाली राव!

इंजिनिअरिंगला आलेला प्रत्येक जण चार वर्षांत एकदा तरी लॅबमधलं काहीतरी बिघडवतोच. कुणी मल्टिमीटरचा फ्यूज उडवतो, कुणी आयसी उलटा बसवून धूर काढतो. आम्ही पडलो कॉम्प्युटरवाले, आमच्याकडे धूर निघत नाही. पण थर्ड इयरला असताना मी अख्खी लॅब बंद पाडली. ज्यांना माहीत आहे ते अजून चिडवतात. बाकीच्यांसाठी हा कबुलीजबाब!

ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल होतं. लॅबमधले सगळे एकाच जुन्या लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करायचे. लॉगिन ज्याचं त्याचं, पण मेमरी आणि प्रोसेसर सगळ्यांत मिळून एकच. विषय होता फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रत काढणारा सिस्टिम कॉल. लूपमध्ये तीन वेळा फोर्क केला की एकाच्या आठ प्रोसेस होतात, कारण पुढच्या फेरीत नवी पोरंही फोर्क करतात. दर फेरीला दुप्पट. मॅडमनी फळ्यावर समजावलं, मी मान डोलावली. पण मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून प्रोग्रामच्या शेवटी एक मिनिटाचा स्लीप टाकला, की प्रोसेस लगेच मरू नयेत आणि पीएस कमांडने मोजता याव्यात. तीनला आठ आल्या. पाचला बत्तीस. मग हौस म्हणून २० टाकले. दोनाचा विसावा घात १०,४८,५७६ होतो, हे गणित मी एंटर दाबल्यावर केलं!

टाइप केलेलं अक्षर उमटेना. कुठल्या प्रोसेस मारायच्या ते बघायला पीएस हवा, आणि पीएस चालवायलाही एक नवी प्रोसेस हवी. तिलाच जागा नव्हती. शेवटी लॅब असिस्टंट काकांनी बटण दाबून सर्व्हर रिस्टार्ट केला. त्याच सर्व्हरवर फायनल इयरच्या एका ग्रुपचं सिम्युलेशन दोन रात्रींपासून चालू होतं. ते गेलं. त्यांचा रिव्ह्यू दुसऱ्या दिवशी. वर सरांनी काकांना सगळ्यांसमोर सुनावलं, "एक सर्व्हर सांभाळता येत नाही का?" काका काहीच बोलले नाहीत. मीही नाही.

रात्री मेसमध्ये जेवण गेलं नाही. सकाळी लॅब उघडताना काकांना गाठलं. "काका, काल ते माझ्यामुळे झालं."

"माहितीये. सगळे ओरडत होते, तू एकटाच गप्प होतास. बस इथं."

मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण काकांनी टर्मिनल उघडून युलिमिट शिकवलं, जे सिलॅबसमध्ये कुठेच नव्हतं. ही शेलची स्वतःची कमांड. आपण एखादा प्रोग्राम चालवायच्या आधीच शेलला हद्द घालून द्यायची. मग त्या शेलमधून जन्माला येणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला तीच हद्द वारशाने मिळते. -यू म्हणजे आपल्या नावावर किती प्रोसेस, -टी म्हणजे प्रोसेसरचे किती सेकंद, -एफ म्हणजे केवढी फाइल, -व्ही म्हणजे किती व्हर्च्युअल मेमरी. हद्दीही दोन. सॉफ्ट हद्द आपण हार्ड हद्दीपर्यंत वर-खाली करू शकतो. हार्ड हद्द साध्या युजरला फक्त कमी करता येते, वाढवता येत नाही.

मी लगेच हुशारी दाखवत युलिमिट -यू १ टाकलं. झालं! एलएससुद्धा चालेना. घाईघाईने १०० टाकले तर उत्तर, 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. काका खो खो हसले. "अरे, नुसता आकडा दिला की बॅश दोन्ही हद्दी बदलतो. फक्त सॉफ्ट बदलायची तर -एस लाव. आता जा बाहेर आणि नव्याने लॉगिन कर."

दुसऱ्यांदा -एस लावून १०० ची हद्द घातली आणि तोच २० वाला प्रोग्राम चालवला. शंभराला पोचल्यावर माझे फोर्क फेल व्हायला लागले, आणि शेजारी काकांच्या लॉगिनवर डेट कमांड सुरळीत चालली! त्याच दिवशी काकांनी लिमिट्स डॉट कॉन्फ या फाइलमध्ये सगळ्या विद्यार्थ्यांसाठी हार्ड हद्द लिहून टाकली.

मग सरांकडे गेलो, काकांची चूक नव्हती म्हणून सांगितलं. सर मला बरंच बोलले. पण नंतर त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. फायनल इयरवाले आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचा रिव्ह्यू पुढे गेला म्हणून निभावलं.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेलच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक वर्म सोडला. तो एकाच मशीनमध्ये पुन्हा पुन्हा शिरत गेला आणि त्याच्या प्रतींच्या ओझ्याखाली मशिन्स बसली. कोर्टाने त्याला तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड ठोठावला. त्या मानाने मी फारच स्वस्तात सुटलो!

तेव्हापासून माझ्या बॅशआरसी फाइलमध्ये युलिमिटची एक ओळ आहे. आता माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर माझ्याशिवाय कुणीच नसतं, तरी ती मी काढलेली नाही. कधी हात शिवशिवला आणि मोठा आकडा टाकावासा वाटला, की आधी आठवतो तो सरांसमोर गप्प उभा असलेला माणूस.