चढणीचं पाणी

सुरतच्या लिंबायतमध्ये आमच्या गल्लीत धुळे-नंदुरबारकडची घरं जास्त. तापीची ओढ आम्ही गावाकडूनच घेऊन आलो. लूम खात्याला सुट्टी असली की उधन्याहून भुसावळ लाइनची गाडी धरायची, उकाई-सोनगढला उतरायचं आणि जलाशयाचा काठ गाठायचा. तापीवरचं हे उकाई धरण 1972 सालचं. फुगवटा थेट आमच्या नंदुरबार जिल्ह्यात शिरलेला.

पावसाळा लागला की सुरतेत ज्याच्या-त्याच्या तोंडी उकाईची पातळी असते. ऑगस्ट 2006 चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना 345 फूट हा धरण पूर्ण भरल्याचा आकडा समजावून सांगावा लागत नाही. गळ टाकणाऱ्याला या पातळीतून आणखी काही कळतं. पाणी चढत असलं की काठचं गवत बुडतं, किडे-गांडुळं पाण्यात येतात आणि मासा अगदी कडेला चरायला लागतो. पाणी उतरू लागलं की तो जुन्या पात्राच्या खोलीकडे सरकतो. मग काठावर दिवसभर बसलात तरी तरंगा हलत नाही.

गळाला खरा हंगाम दिवाळीच्या आगेमागे. गढूळपणा बसलेला असतो, पाणी अजून गार पडलेलं नसतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. त्यामुळे कणकेचा गोळा तोच, पण तंगूस किती सोडायची ते माशावर ठरतं. रोहू आमिष एकदम ओढत नाही. तरंगा आधी नुसता थरथरतो, थांबतो, मग तिरका होऊन सरकत जातो. झटका तेव्हाच द्यायचा. पौष-माघात पाणी गारठतं, मासा मंदावतो, तेव्हा ऊन चढल्यावरच बसावं. चैत्र-वैशाखात उलट, पहाटेचे दोन तास काय ते खरे.

राहिला पावसाळा. मासा सगळ्यात सहज तेव्हाच हाती लागतो, म्हणून तेव्हाच गळ घरी ठेवावा असं माझं ठाम मत आहे. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. पहिल्या लोंढ्याबरोबर ते ओढ्या-नाल्यांच्या तोंडाशी येतात, चढणीला लागतात. त्या वेळच्या मादीचं पोट तट्ट फुगलेलं असतं. अशी एक मादी लाखांनी अंडी देते. तिला पिशवीत घालणं म्हणजे पुढची सगळी वीण पिशवीत घालणं.

मरळीचं तर पाहवत नाही. तिची पिल्लं लालसर, थव्यानं पृष्ठभागावर येऊन बुडबुडे सोडतात आणि खाली आई-बाप राखण करत असतात. त्या थव्याजवळ काहीही टाकलं तरी मरळ तुटून पडते. भुकेनं नव्हे, पिल्लांसाठी. तिला ओढून काढली की इतर मासे तो थवा बघता बघता फस्त करतात. याला मासे धरणं म्हणू नये.

हंगामातही लहान मासा सोडावा. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकला की तोंड न फाडता गळ निघतो. हात आधी ओले करायचे. कोरड्या हातानं अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडलेला मासाही रोगानं मरतो. पाण्यात धरून ठेवायचा, कल्ले नीट चालू लागले की तो स्वतःच निसटतो.

जलाशयातल्या मासेमारीवर काठच्या आदिवासी मच्छीमारांची चूल पेटते. परवानगी घेतल्याशिवाय किंवा त्यांच्या जाळ्यांच्या वाटेत बसू नये. तुटलेली तंगूस गुंडाळून घरी आणावी. ती कुजत नाही, बगळ्या-पाणकावळ्यांच्या पायांत अडकते.

लिंबायत-उधन्याची नवी पोरं आता गळ घेऊन निघतात, बरं वाटतं. त्यांना एवढंच सांगणं आहे: आषाढ-श्रावणात उकाईला जरूर जा, चढणीचे मासे डोळे भरून पाहा, पण गळ टाकायला दिवाळीपर्यंत थांबा.