चालत्या-फिरत्यांची सोय

8 जुलै 2025, मंगळवार

आषाढीपासून वन्संचा गुडघा सुजलाय. आज डॉक्टरांना दाखवून आलो. गोळ्या दिल्या आणि 'जिने टाळा' म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने जिने टाळायचे म्हणजे घरातच बसायचं. डोंबिवलीत आमची सोसायटी झाली तेव्हा तीन मजल्यांना लिफ्ट कोण लावत होतं! रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा होतात, पण ते आमच्या हयातीत होईल असं सेक्रेटरीही छातीठोकपणे सांगत नाहीत.

येताना दुसऱ्या मजल्यावर वन्सं कठड्याला धरून थांबल्या. दम बसल्यावर म्हणाल्या, "अगं, मी पडले तर तू आहेस. तू पडलीस तर?"

त्या 76, मी 69. त्यांनी लग्न केलं नाही. माझा एकुलता एक जर्मनीत. हे गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. नणंद-भावजय भांडल्याशिवाय राहतात याचं बिल्डिंगला अजून नवल वाटतं. भांडतो, पण दार लावून.

12 जुलै, शनिवार

घरी सांभाळायला बाई पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला. पहिलाच प्रश्न, "पेशंट चालता आहे की झोपून?" पेशंट अजून कोणीच नाही, आधीच चौकशी करतेय, म्हटल्यावर पलीकडच्या बाई गडबडल्या. बारा तासांची बाई वेगळी, चोवीस तासांची वेगळी. झोपून असलेल्या पेशंटचा दर जास्त. चहा-जेवण आपलं. बाई गावी गेली तर बदली बाई 'शक्यतो' मिळते. आमच्या दोघींच्या पेन्शनमध्ये चोवीस तासांची एक बाई बसते. दोघी एकदम आडव्या झालो तर नाही बसत.

वन्संचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घेतलं. गेल्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. ठसे उमटेनात, शेवटी ओटीपीवर काम झालं. मोठाच आधार आहे, फक्त तो दवाखान्यात दाखल झाल्यावरचा. घरी आणल्यावर कूस बदलायला, डायपर बदलायला जी बाई लागते तिचे पैसे ना या कार्डातून मिळत, ना माझ्या मेडिक्लेममधून.

20 जुलै, रविवार

कर्जतच्या बाजूला दोन वृद्धाश्रम पाहून आलो. भाचीने गाडी दिली, ड्रायव्हरसकट.

पहिलं ठिकाण देखणं. सोनचाफा, ग्रंथालय, संध्याकाळी भजन, स्वच्छ खोल्या. वन्सं खुलल्या. निघताना मी नियमांचा कागद मागून घेतला. प्रवेश फक्त 'स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्या' ज्येष्ठांना. पुढे जमेनासं झालं तर? "तर नातेवाइकांना कळवतो. ते घेऊन जातात." कुठे घेऊन जातात, हे त्यांनी सांगितलं नाही आणि ते त्यांचं कामही नाही. पण माणूस म्हातारपणासाठी जागा शोधतो ती नेमकी त्याच दिवसासाठी ना?

दुसरीकडे दारातच फिनेलचा वास. बाग नाही, अंगण फरसबंद. खोलीत चार-चार खाटा. एक मुलगी एका आजींना मऊ भात भरवत होती. चमचा ओठांशी न्यायची, घास गिळून होईपर्यंत गळ्याकडे बघत थांबायची, मग हनुवटी पुसून पुढचा. घाई नाही. मी बराच वेळ बघत उभी राहिले. झोपून असलेल्यांना ठेवतात, फिजिओथेरपिस्ट येतो, डॉक्टर ठरलेल्या दिवशी. वन्संनी शिक्षिकेच्या आवाजात विचारलं, "रात्री किती जणी असतात?" दिवसा कितीही दिसोत, हा प्रश्न खरा.

परतताना त्या सोनचाफ्याबद्दल बोलत होत्या. मी काही बोलले नाही.

संध्याकाळी समोरच्या काकूंनी 'वृद्धाश्रम ही आपली संस्कृती नव्हे' हे ऐकवलंच. पुण्यात नवी पेठेतला 'निवारा' वृद्धाश्रम डेव्हिड ससूनच्या देणगीतून 1860 च्या दशकात उभा राहिला. ज्यांना कोणी नव्हतं ते म्हातारे तेव्हाही होतेच.

4 ऑगस्ट, सोमवार

वकीलबाईंकडे दोन तास. बँकेत असताना मुखत्यारपत्र घेऊन येणारी मुलं रोज पाहिली. काउंटरच्या आतून आम्ही सही जुळते का बघायचो. घरी बसलेल्या म्हातारीला मुलाचं नाव तरी आठवतं का, हे कोणी विचारत नसे. कायदा मात्र सरळ आहे. देणाऱ्याचं भान सुटलं की मुखत्यारपत्र संपलं. त्यानंतर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणजे कागद कामाचा केव्हा, तर माझं मला कळतंय तोवर. कर्जतच्या सोनचाफेवाल्यांचाच नियम इथेही!

वाट त्यातल्या त्यात एवढीच, की खाती आणि ठेवी आताच दोघींच्या नावावर, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करून ठेवायच्या. नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला असं नाही, नॉमिनी नुसता सांभाळणारा, म्हणून मृत्युपत्र हवंच. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार मात्र लागतात.

पहिल्या मजल्यावरच्या बाईंसाठीही विचारून घेतलं. त्यांचा मुलगा बक्षीसपत्र करून मागतोय. राहता फ्लॅट मुलाला बक्षीस द्यायला महाराष्ट्रात स्टॅम्प ड्यूटी 200 रुपये, म्हणून 'आई, आत्ताच करून टाकू'. वकीलबाई म्हणाल्या, आईचा सांभाळ करीन ही अट त्यात स्वच्छ लिहून घ्या. अट असेल आणि मुलाने पाळली नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द करू शकतं. अट नसेल तर वाद घालत बसायचं. याच कायद्यात मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाला, ज्याला त्याची मिळकत मिळणार त्या नातेवाइकाकडून पोटगी मागता येते. वन्संना हे फार आवडलं. "म्हणजे भाच्यावर दावा ठोकता येईल मला!"

1 सप्टेंबर, सोमवार

गौरीजेवण. चिरंजीव आलेत. भाच्यावरच्या दाव्याची धमकी पुरणपोळीबरोबर देऊन झाली.

रात्री तो गंभीर झाला. "आई, पैशांची काळजी करू नका, मी पाठवतो." पाठवेल, त्यात शंका नाही. पण इथे रात्री दोन वाजता मी बाथरूममध्ये पडले तर तिकडे साडेदहा वाजलेले असतील, तो फोन उचलेलही, उचलून करील काय? शेवटी वाटणी केली. बिलं, मेडिक्लेम, ब्युरोचा हिशेब तो तिकडून बघणार. घराची एक किल्ली समोरच्या काकूंकडे, एक भाचीकडे. दोघींच्या औषधांचा कागद फ्रिजवर. आमच्यात 'तिकडेच या' हा विषय निघाला आणि तिथल्या थंडीवर बोलून संपला.

15 सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष चालू आहे. वन्संच्या वैद्यकीय इच्छापत्रावर सह्या आजच करायच्या का, म्हणून मी चाचरले. "याला याहून चांगला मुहूर्त कुठला गं?"

बरं होण्याची आशा उरली नाही तर नळ्या, व्हेंटिलेटर लावून ओढत ठेवू नका, हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केला. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, म्हणून फारसं कोणी त्या वाटेला जात नसे. 2023 मध्ये ते सोपं झालं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. त्यातही हे पत्र म्हणजे थेट हुकूम नव्हे. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं मात्र आधीच द्यायची असतात. वन्संनी माझं आणि भाचीचं दिलं. माझ्या मुलाचं नको म्हणाल्या. "तो लांबून येईल, आणि लांबून आलेल्याला सगळं करून बघावंसं वाटतं."

मसुद्यात 'असह्य वेदना' असे शब्द होते. त्यांनी लाल पेनाने खोडून लिहिलं, 'माणसं ओळखू येत नसतील तरीही'. वकीलबाईंनी पुन्हा टाइप केलं.

एक प्रत महापालिकेत दिली, एक डॉक्टरांकडे.

24 सप्टेंबर, बुधवार

तळमजल्याची जागा मिळाली, दोन गल्ल्या पलीकडे, भाड्याने. आधीच्या दोन घरमालकांनी वयं ऐकून 'कळवतो' म्हटलं होतं. आमचा फ्लॅट भाड्याने जाईल, त्यात बहुतेक भागेल. कर्जतच्या फिनेलवाल्यांकडे दोघींची नावं नोंदवून ठेवलीत. वन्सं नोंदवायला तयार झाल्या, खुशीने नव्हे.

आज शिवणाची टेप घेऊन नव्या जागेत गेलो. बाथरूमचं दार 22 इंच. व्हीलचेअर जायची नाही. व्हीलचेअर कोणाकडेच नाही, वन्संचा गुडघाही आता बरा आहे, असं मालक म्हणाले. वन्सं म्हणाल्या, "म्हणूनच आत्ता तोडायचं." खर्च आमचा, परवानगी त्यांची. गवंडी दसऱ्यानंतर येतो म्हणालाय.