मुदतवाढीची किंमत

सरकारी कामकाजात 'मुदतवाढ' हा शब्द इतका सवयीचा झाला आहे की तिलाही काही किंमत असते, हे आपण विसरूनच गेलो आहोत. मुदत संपत आली की टिपणी तयार होते, फाईल वर जाते आणि शेवटच्या आठवड्यात आदेश निघतो. पैसा थांबला नाही, काम बंद पडले नाही, म्हणून सर्व संबंधित समाधानाने पुढच्या फाईलकडे वळतात.

मुदतवाढ किंवा तात्पुरती तरतूद मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. राज्यघटनेच्या ११६व्या कलमात लेखानुदानाची सोय आहे, ती याच कारणासाठी. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी १ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प मांडला गेला आणि पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलैला आला. मधल्या काळात पगार, निवृत्तिवेतन, रस्त्यांची देयके चालू राहिली. ही सोय कशासाठी आहे आणि तिच्यानंतर काय येणार आहे, हे सर्वांना आधीपासून ठाऊक होते. अडचण सुरू होते ती तात्पुरती सोय हीच पद्धत होऊन बसते तेव्हा.

मे २०२४ मध्ये कामानिमित्त झाशीला जाणे झाले. वाहतुकीच्या अर्थकारणाचा विचार करायला हे गाव फार सोयीचे आहे. राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्पातले श्रीनगर ते कन्याकुमारी आणि सिल्चर ते पोरबंदर हे दोन्ही मार्ग झाशीपाशी एकमेकांना छेदतात. मात्र जुन्या शहरातल्या बडा बाजारात शिरले की चौपदरी रस्त्यांचे जग मागे राहते. खंडेराव दरवाजासारखी नावे मराठी अमदानीची आठवण देतात आणि अरुंद रस्त्यांतून माणसे व माल वाहण्याचे काम बॅटरीवरच्या रिक्षा करतात.

बाजारातले एक दुकानदार चार पिढ्यांपूर्वी इकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले निघाले. मी दिल्लीहून आलो आहे हे कळताच त्यांनी विचारले, "साहेब, पुतण्यासाठी बॅटरी रिक्षा घ्यायची आहे. सरकारची सवलत जुलैपर्यंतच आहे म्हणतात. मग आत्ता घाई करावी की पुढे जास्त मिळेल म्हणून थांबावे?"

३१ जुलै ही तारीख मला ठाऊक होती. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही शासकीय कागदावर नव्हते.

हा घटनाक्रम पाहण्यासारखा आहे. विजेवरच्या वाहनांना प्रोत्साहन देणारी 'फेम' योजना दुसऱ्या टप्प्यात १ एप्रिल २०१९ रोजी तीन वर्षांसाठी सुरू झाली. खर्चाची मर्यादा होती १०,००० कोटी रुपये. २०२१ मध्ये तिला ३१ मार्च २०२४ पर्यंत मुदतवाढ मिळाली. त्यानंतर फक्त चार महिन्यांची, ५०० कोटींची, दुचाकी व तीनचाकींपुरती योजना आली. तिची मुदत जुलैच्या अखेरीस आणखी दोन महिन्यांनी वाढली आणि तरतूद ७७८ कोटी झाली. १ ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटींची 'पीएम ई-ड्राइव्ह' योजना लागू झाली, मुदत ३१ मार्च २०२६. ऑगस्ट २०२५ मध्ये ही मुदत ३१ मार्च २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. एकूण तरतूद मात्र तेवढीच राहिली.

यातला प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर समर्थनीय वाटेल. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दिसते ते वेगळे. माणूस गुंतवणूक करतो ती आजच्या सवलतीवर नव्हे, उद्याच्या अपेक्षेवर. तारीख जवळ आली की खरेदीची झुंबड उडते, तारीख उलटली की बाजार थबकतो. मोठ्या कंपनीला आदेशांचा माग काढायला माणसे ठेवता येतात. पुतण्यासाठी रिक्षा घेणाऱ्याला ते शक्य नसते. कर्जाचे हप्ते मात्र पहिल्याच दिवशी तारखेनिशी ठरतात. सरकारच्या अनिश्चिततेचा भार असा सर्वांत दुबळ्या खांद्यावर येतो.

महामार्गांची स्थिती तुलनेने बरी आहे. २००० सालच्या कायद्याने इंधनावरील उपकरातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. खर्चाला दरवर्षी संसदेची मंजुरी लागते, पण मूळ कायद्याला संपण्याची तारीख नाही. शहरी बससेवेच्या पाठीशी असा कायमस्वरूपी केंद्रीय निधी नाही. तिला योजनांच्या मुदतीवर जगावे लागते. विजेवरच्या बसगाड्यांचे करार दहा-बारा वर्षांचे असतात आणि त्यांच्या आधाराची योजना तीन वर्षांची.

अमेरिकेतील वाचकांना याची दुसरी बाजू परिचित असेल. तिथे महामार्गांसाठी इंधनकरातून जमणारा विश्वस्त निधी आहे, त्यातला काही भाग सार्वजनिक वाहतुकीला जातो. परंतु खर्चाचा अधिकार देणारा कायदाच मुदतीचा असतो. २००५ चा कायदा ३० सप्टेंबर २००९ रोजी संपला आणि पुढचा जुलै २०१२ मध्ये झाला. मधली पावणेतीन वर्षे छोट्या छोट्या मुदतवाढींवर निघाली. पैसा येत होता, पण पाच वर्षे चालणारा पूल हाती घ्यायचा तर तीन महिन्यांच्या हमीवर कोण घेणार? अशा वेळी राज्यांचा कल डांबराचा थर बदलण्यासारख्या लवकर संपणाऱ्या कामांकडे झुकतो.

माझ्या मते तीन गोष्टी सहज करता येतील. योजना चालू राहणार की बंद होणार, हे मुदतीच्या किमान सहा महिने आधी जाहीर करावे. मुदतवाढीच्या आदेशात वेळ किती वाढला आणि पैसा किती वाढला, हे स्वतंत्रपणे लिहावे. त्याच पैशात वाढलेला वेळ ही कित्येकदा विलंबाची कबुली असते. आणि जी मालमत्ता बारा वर्षे चालवायची, तिच्या आधाराचा आराखडा पहिल्याच दिवशी बारा वर्षांचा करावा; मग तो आधार दरवर्षी कमी होत गेला तरी चालेल. कमी होणाऱ्या मदतीचा हिशेब सामान्य माणूस करू शकतो, अनिश्चित मदतीचा करू शकत नाही.

यासाठी एक रुपयाही जास्त लागणार नाही. लागेल ती फक्त शेवटच्या आठवड्याची वाट न पाहण्याची सवय.