आमिष

रेवदंड्याजवळ कुंडलिकेच्या खाडीत मी जिताड्यासाठी प्रथमच प्लास्टिकची मासोळी गळाला लावली. शेजारी जिवंत कोळंबी लावून बसलेले कोळीकाका हसले, “सर, याला ना वास, ना चव!”

‘आमिष’ म्हणजे मुळात मांस. सामिष, निरामिष या शब्दांत तो अर्थ आजही टिकून आहे. मूळ अर्थ तोच खरा, असे मी अनेक वर्षे शिकवत आलो. भरती फिरली. दोरी थांबत थांबत ओढली, तशी मासोळी जखमी माशासारखी डळमळली आणि जिताड्याने झडप घातली. मांसाचा कणही नसलेले ते आमिष खरे ठरले. माझी शिकवण मात्र अपुरी ठरली.

व्युत्पत्ती शब्दाचे कूळ सांगते. त्याचा अर्थ तुम्ही चालत्या वाक्यात शोधा.