एका दुपारचा सीझन

कॉलेज फुटबॉलचा सीझन म्हटलं की लोकांना वाटतं, चारसहा महिन्यांचा मामला असेल. 2001 च्या सुमारास मी नागपुरात एका कॉलेजचा संघ सांभाळत होतो, तेव्हा कित्येक कॉलेजांचा सीझन एका दुपारी आटोपायचा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची. हरलात की किट गोळा करा, पुढच्या वर्षी या. पहिल्या फेरीत खेळलेले निम्मे संघ जाणारच, हा साधा हिशेब आहे. त्यातल्या एखाद्या डाव्या बॅकच्या पायाला त्या दिवशी चेंडू किती वेळा लागला असेल? वर्षभराचा खेळ तेवढाच.

सराव मात्र भर पावसाळ्यात, काळ्या मातीत. ही माती ओली झाली की स्टडमध्ये गच्च बसते, बूट जड होतात. पाच नंबरचा चेंडू नियमाने 410 ते 450 ग्रॅमचा. चिखल लागला की तो ना उसळतो ना घरंगळतो. दहा फुटांवरचा पास मध्येच रुतून बसतो. मग पोट्टे चेंडू हवेत उंच मारायला लागतात. पुढे थंडीत तीच जमीन वाळून टणक होते आणि उंच मारलेला चेंडू डोक्यावरून निघून जातो. पावसाळ्यातली सवय हिवाळ्यात नडते, आणि ती मोडायला सामनेच नसतात.

त्याच 2001 साली हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना पावसात झोपडपट्टीतली मुलं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. सुरुवातीच्या स्पर्धेतच 128 संघ उतरले. आमच्या कॉलेजांच्या स्पर्धेत एवढे संघ कोणी स्वप्नातही पाहिले नसतील! पुढे ही मुलं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. 2010 मध्ये रिओत भारताचा कर्णधार अखिलेश पॉल नागपूरचाच.

2022 मध्ये बारसेंच्या कामावरचा ‘झुंड’ हा चित्रपट आला आणि सगळ्यांना कॉलेज आणि झोपडपट्टी यांच्यामधली भिंत दिसली. भिंत आहेच, नाही कोण म्हणतो? प्रवेश नाही तर संघ नाही, हा कॉलेज खेळाचा पहिला नियम. पण प्रशिक्षक म्हणून मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बेघरांच्या विश्वचषकात एका बाजूला चौघे, मैदान 22 बाय 16 मीटर, सात-सात मिनिटांचे दोन डाव. तिथे लपायला जागा नाही. चेंडू सारखा पायाशी येतो, घेतला की द्यायचा, दिला की पळायचं. अकरा जणांच्या सामन्यात तासाभरात जे शिकता येत नाही, ते इथे पाव तासात अंगवळणी पडतं. आमच्याकडे मैदान मोठं होतं, खेळ थोडा होता.

नागपुरातल्या माझ्या प्रताप नगरात, खामला-त्रिमूर्तीनगरकडेही, लेआउटचे मोकळे भूखंड अजून आहेत. त्यांवर मोठं मैदान बसत नाही म्हणून फुटबॉल नको, असं म्हणणाऱ्या समित्यांनी एकदा टेप लावून 22 बाय 16 मोजावं. आणि ज्या कॉलेजांच्या स्पर्धा अजूनही बाद पद्धतीने होतात, त्यांच्या क्रीडाशिक्षकांनी चार-चार संघांचे गट मागून घ्यावेत. हरणाऱ्यालाही तीन सामने मिळतील.