मी जाऊ कुठे?

डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूत अतुल सुभाषने आत्महत्या केली आणि आमच्या इंजिनिअरिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तो आमच्यासारखाच आयटीतला, म्हणून जास्त लागलं. ग्रुपचा निकाल लगेच लागला: ४९८अ रद्द करा. (१९८३ चं ते कलम आता न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालंय, पण बोरिवली लोकलमध्ये कुणी ८५ म्हणत नाही.) स्थळं बघणाऱ्या पोरांची भीती मला खोटी वाटत नाही. अख्ख्या कुटुंबाला सरसकट गोवू नका, असं सुप्रीम कोर्टानेही त्याच महिन्यात सांगितलं. पण तक्रार झाली की थेट अटक, ही समजूत जुनी. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून अटक का हवी, ते पोलिसांना लिहून द्यावं लागतं.

मला खटकलं ते वेगळंच. एवढ्या मेसेजमध्ये २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं नावही नव्हतं.

मला तो माहीत आहे मावशीमुळे. ती मुलुंडला राहते. वन बीएचके, सासऱ्यांच्या नावावर. काका हात उचलायचे. मावशीला कुणाला तुरुंगात धाडायचं नव्हतं. तिचा प्रश्न एकच, "मी जाऊ कुठे?" मुलगी दहावीला, माहेरी दोन खोल्यांत मामाचा संसार. आपल्या उपनगरांत एक वेळ नवरा सोडता येईल, पण नव्या घराचं डिपॉझिट कुठून आणायचं?

२००५ चा कायदा नेमका इथे हात घालतो. घर कुणाच्याही नावावर असो, ती जिथे नांदली तिथून तिला असंच बाहेर काढता येत नाही. सासऱ्यांच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असंही कायद्यातच आहे. मावशीची दोन वर्षं तारखांत गेली. तोवर ती त्याच घरात, ओट्यापाशी गादी टाकून झोपायची. कायद्यात सुधारणा हवी तर ती इथे हवी. तारखा कमी करा, संरक्षण अधिकारी वाढवा. पण यावर ट्रेंड कोण चालवणार!

आणि लोकमत म्हणाल तर ते फक्त आमच्या ग्रुपवर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ४५ टक्के बायकांनी नवऱ्याने मारणं किमान एखाद्या कारणासाठी योग्य मानलं. पुरुष ४४ टक्के. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्के बायकांनी. आमची आजी त्या ४५ टक्क्यांतली. "पोरीचं लग्न होईस्तोवर काढ दिवस," असं ती मावशीला जेवायला वाढता वाढता सांगायची.

शेवटी आदेश आला. मावशीने तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आणि फोटो मला पाठवला, "तुझ्याकडेही असू दे."